राखण आणि वळण

भिसेगाव

झिपरीला कायमचं सोडून यायचं, हे ठरवूनच मी सांगलीहून निघाले होते. तसं कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. यांना म्हटलं, चार दिवस शुभदाकडे कर्जतला जाऊन येते, कुत्रीलाही मोकळी हवा मिळेल. यांनी गुडघा शेकता शेकता माझ्याकडे पाहिलं आणि "तिची ताटली विसरू नकोस," एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांना कळलं होतं.

झिपरी ही आमच्या मुलीची, केतकीची कुत्री. बॉर्डर कॉली जातीची, काळी-पांढरी, लांब केसांची. केतकी पुण्यात नोकरीला असताना तिने ती पिल्लू म्हणून आणली आणि कॅनडाला जाताना आमच्याकडे ठेवली. ही जात मूळची इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतली, मेंढ्या वळण्यासाठी तयार झालेली. दिवसभर पळायचं, मेंढपाळाच्या शिट्टीवर इकडून तिकडे जायचं, पांगलेला कळप एकत्र आणायचा, हे तिचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. आमच्या अपार्टमेंटमध्ये मेंढ्या नव्हत्या, मुलं होती. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांभोवती ही गोल गोल फिरायची, त्यांना जिन्याखालच्या कोपऱ्यात गोळा करायची आणि समोर बसून राहायची. सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. मोबाईलवर व्हिडिओ निघाले. मग एक दिवस तळमजल्यावरच्या आर्याच्या घोट्याला तिचा दात लागला. जखम मोठी नव्हती, पण इंजेक्शनं घ्यावी लागली. आर्याची आई भांडायला आली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, मला कुत्री आवडतात हो. पण आता आर्या खाली उतरत नाही." सोसायटीच्या मीटिंगमध्ये महिन्याभरात काहीतरी व्यवस्था करा असं ठरलं.

शुभदा माझी कॉलेजच्या होस्टेलवरची मैत्रीण. कर्जतच्या शाळेत शिकवून ती निवृत्त झाली आणि भिसेगावात राहते. फोनवर माझी सगळी रड ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मंगल, माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, वैशाली. खालापूरकडे शेळ्या पाळते. तिला कुत्रा हवाय. घेऊन तर ये, मग बघू."

गाडी करून निघाले. खंडाळ्याचा घाट उतरताना झिपरीने मागच्या सीटवर ओकून ठेवलं आणि नंतर अपराध्यासारखं तोंड करून खिडकीतून बाहेर बघत बसली. कर्जतला स्टेशनबाहेर थांबून मी वडापाव खाल्ला. आमच्याकडे वड्याबरोबर रस्सा मागायची सवय. इथे लसणाची कोरडी चटणी, ती इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं. वडेवाला झिपरीकडे बघून म्हणाला, "हिला नका देऊ मावशी, नाय तर डायरेक माथेरान चढंल." प्रवासात पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

भिसेगावात सकाळी गारवा होता. जानेवारी सरत आला होता आणि आंब्याला मोहर आला होता. शुभदाच्या गच्चीवरून पश्चिमेला माथेरानचा लांबलचक माथा दिसतो. ती म्हणाली, "आज वर जाऊन येऊ का? तिथे गाड्या नाहीत, घोडेच घोडे." मी झिपरीकडे बघितलं. माथेरानचे घोडे तिने एका कोपऱ्यात गोळा केले तर काय, असा विचार मनात आला, आणि आम्ही थेट वैशालीकडेच निघालो.

खालापूरच्या अलीकडे

गावाचं नाव लिहीत नाही. पुढे एका शेजाऱ्याशी झालेल्या बेबनावाची गोष्ट येते आणि ती माणसं मला आता जवळची झाली आहेत.

कर्जतहून खोपोली, तिथून खालापूर. एका बाजूला सह्याद्रीची भिंत सतत सोबत असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या कमानी, त्यावर इंग्रजी नावं. अशाच एका फाटकापाशी आम्ही रस्ता विचारायला थांबलो, तर आत साखळीला एक जर्मन शेफर्ड बांधलेला. आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणत तोच. आम्हाला बघून तो भुंकला नाही, उभा राहून शेपटी हलवायला लागला. रखवालदार म्हणाला, "तो कुनालाबी बघून खूश होतो. सायेब शनिवारी येतात ना, तवाच त्याला सोडतात." ही जातसुद्धा मुळात मेंढपाळांचीच. जर्मनीतल्या शेतांच्या बांधांवरून ती कळपाच्या कडेकडेने येरझाऱ्या घालायची, म्हणजे मेंढरं पिकात शिरायची नाहीत. मग तिला पोलिसांनी घेतलं, सैन्याने घेतलं, आणि नंतर बंगल्यांनी. शनिवारची वाट बघणारा तो कुत्रा दिवसभर डोळ्यांसमोरून जाईना.

वैशाली घराबाहेर शेळ्यांना पाणी दाखवत होती. पस्तिशीच्या आतली, उंच, साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवलेला. दारावर पंचशील ध्वज, अंगणात कडीपत्ता आणि जास्वंद, मागे बांबूच्या फळ्यांची उंच शेड. शुभदाला बघून तिने हात धुतले, तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, तुमी येणार म्हनून सकाळीच भाकऱ्या थापल्या." भाकऱ्या तांदळाच्या होत्या, पांढऱ्या, मऊ, पापुद्र्याच्या. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. तांदळाची भाकरी जवळ्याच्या, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीच्या, चटणीबरोबर इतकी खाल्ली की उठताना लाज वाटली.

जेवताना तिने आपली अडचण सांगितली. तिचा नवरा संजय जवळच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. शेळ्या हे वैशालीचं काम, तिने हौसेने उभं केलेलं. सुरुवातीच्या तीन-चार शेळ्यांच्या आता तीसेक झाल्या होत्या. गावठी कुत्रा काळू धडधाकट होता तोवर निभावलं, पण काळू आता म्हातारा झाला, ऐकू येत नाही. भात कापलं की इथे त्याच ओलीवर वाल पेरतात. शेजारचे नामदेवतात्या वाल लावतात, आणि शेळ्यांना वालाच्या पाल्यासारखं गोड दुसरं काही लागत नाही. मागच्या महिन्यात सगळा कळप त्यांच्या वावरात शिरला. तेव्हापासून तात्यांनी बोलणं टाकलं होतं.

"ते शिव्या देत असते तर बरं होतं," वैशाली म्हणाली. "बगून न बगितल्यासारखं करतात. आता संजय म्हनतो, शेळ्या इक आनि कंपनीत पॅकिंगला लाग. परत एकदा जरी गेल्या ना मावशी, तर मलाच इकाव्या लागतील. शेजार मोडून धंदा नाय करायचा."

जेवणं झाल्यावर आम्ही झिपरीला शेळ्यांसमोर नेलं. मला वाटत होतं की आता काहीतरी अद्भुत घडेल. शेकडो वर्षं रक्तात असलेलं काम समोर येताच कुत्री जागी होईल, असं केतकीने फोनवर सांगितलं होतं. झिपरीने मान खाली घातली, एक पाऊल पुढे टाकलं. कळपातला मोठा बोकड, ज्याला सगळे सरपंच म्हणतात, तो पुढे आला आणि त्याने तिला बाजूने एक अशी धडक दिली की ती दोन कोलांट्या खाऊन उठली आणि थेट आमच्या गाडीखाली शिरली. बाहेर काढायला बिस्किटं दाखवावी लागली.

तेवढ्यात संजय पाळीवरून आला होता. सायकल भिंतीला लावत तो म्हणाला, "मावशी, राग नका मानू. ही शेळ्या राखनार का शेळ्यांनी हिला राखायची?"

मला राग आला नाही, काळजी वाटली. इथे जमलं नाही तर पुढे कोण? मी म्हटलं, "चूक झाली. आम्ही निघतो."

वैशाली झिपरीच्या कानामागचं गवताचं कुसळ काढत होती. "रावू द्या ना मावशी चार दिस," ती म्हणाली. "मी लगीन होऊन आले तवा मी पन शेळीला भ्यायचे. विचारा यांना."

"अजून सरपंचाला भिते," संजय म्हणाला.

शुभदा गाडीने परत गेली. मी आणि झिपरी राहिलो.

मेंढ्यांचा तळ

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली मला ओढ्यापलीकडे घेऊन गेली. तिथल्या कापलेल्या भातशेतांत धनगरांचा तळ पडला होता. दिवाळीनंतर ही माणसं देशावरून घाट उतरून येतात आणि गावोगाव शेतात मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढ्यांना चारा. घोड्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड जमिनीवर उतरलं होतं, तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होता, आणि चुलीपाशी नाकात मोठी नथ घातलेल्या सोनाबाई बसल्या होत्या. पारनेरच्या बाजूच्या. त्यांचं देशावरचं बोलणं कानावर पडलं आणि घराकडचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

त्यांचे कुत्रे मी आधी पाहिलेच नाहीत. मेंढ्यांत मेंढ्यांसारखे पडलेले, त्याच मातकट रंगाचे. आम्ही जवळ गेलो तसे दोघे उठले. उंच, रुंद छातीचे, गळ्यात खिळ्यांचे पट्टे. भुंकले नाहीत, नुसते मेंढ्या आणि आमच्या मध्ये येऊन उभे राहिले. सोनाबाईंनी जीभ टाळूला लावून एक आवाज काढला, तेव्हा ते बाजूला झाले.

"पिल्लू आसतानाच मेंढीचं दूध पाजतो त्यास्नी," त्या म्हणाल्या. "मंग त्यास्नी वाटतं, आपुन बी मेंढरूच हाय. बिबट्या आला तरी जागा सोडत न्हाईत."

मी विचारलं, "मग कळप वळवतं कोण? हेच का?"

"छे. ही राखत्यात. वळायला आमी हावो की."

शेळ्या राखणे आणि शेळ्या वळणे, हे शब्द मी आयुष्यभर एकाच अर्थाने वापरत आले होते. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना वेगवेगळ्या स्वभावाचे कुत्रे लागतात, हे त्या तळावर समोर बघून नीट कळलं. राखणारा कुत्रा कळपाच्या आत राहतो आणि बाहेर बघतो. वळणारा बाहेर राहतो आणि आत बघतो. आपल्या मुलखात लांडगे, बिबटे, त्यामुळे राखणारे कुत्रे वाढले. जिथे लांडगे कधीच संपले, त्या देशांत वळणारे.

हा विचार मनात चालू असतानाच हातातला पट्टा ताणला गेला. झिपरी जमिनीला पोट लावून बसली होती. मान लांब, कान मागे, एक पंजा हवेत, आणि नजर मेंढ्यांवर. कालची गाडीखाली लपलेली कुत्री ही नव्हेच. जवळच्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि त्या एकमेकींना चिकटत मागे सरकू लागल्या. झिपरीने काहीही केलं नव्हतं, फक्त बघत होती. माझ्या अंगावर काटा आला. मी आनंदाने वैशालीकडे बघितलं.

सोनाबाईंना मात्र ते अजिबात आवडलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. "न्या तिला मागं. लांडग्यावानी बघती ही. गाभण मेंढरं हायती माजी."

मी घाईघाईने झिपरीला आडोशाला नेलं. त्या म्हणाल्या ते खरंच होतं. मी वाचलं होतं की या कुत्र्यांचं वळणं म्हणजे लांडग्याची शिकारच असते, टपून बसणं, घेरणं, पाठलाग. शेवटचा घास तेवढा माणसाने पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून काढून टाकलेला. पुस्तकात ते वाचताना मला मोठी गंमत वाटली होती. गाभण मेंढ्यांच्या मालकिणीसमोर ती वाटली नाही. मी माफी मागितली.

सोनाबाई लवकर निवळल्या. शेळीच्या दुधाचा चहा दिला. झिपरीच्या अंगावरून लांबूनच नजर फिरवत म्हणाल्या, "केस लई हायती. कातरता का न्हाई लोकर?" मी नाही म्हटल्यावर त्यांना ते वाया घालवल्यासारखं वाटलं असावं. निघताना मी विचारलं, पुढे कधीपर्यंत मुक्काम. त्या म्हणाल्या, पाऊस लागायच्या आत घाट चढायचा. इथल्या चिखलात मेंढीचे पाय टिकत नाहीत. "तिकडं पाऊस कमी, हिकडं चारा जास्त. दोन्ही घरं आपलीच."

वालाचा बांध

त्यानंतरचे दिवस आम्ही शिकण्यात घालवले. आम्ही म्हणजे झिपरी, वैशाली आणि मी. सरपंचाला खुंट्याला बांधून ठेवलं आणि लहान करडांपासून सुरुवात केली. झिपरीच्या पट्ट्याला लांब दोरी. केतकी सकाळी व्हिडिओ कॉलवर यायची. तिच्याकडे तेव्हा रात्र सुरू होत असे. डावीकडून जा, उजवीकडून जा, यासाठी मेंढपाळांच्या ठरलेल्या इंग्रजी हाका आहेत, त्या ती मोठ्याने म्हणून दाखवायची. वैशालीने दोन दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला.

"केतकीताई, ह्ये माझ्या जिभेवर नाय बसत," ती शेवटी म्हणाली. "ऐन वक्ताला मला आठवनार नाय, आनि मी गप र्‍हायले तर ही काय करनार?"

केतकी थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "तू शेळ्यांना रोज काय हाका मारतेस?"

वैशालीचं शिवार उताराचं आहे. वर माळ, खाली ओढा, मधे तात्यांचा वाल. तिला डावं-उजवं कधी लागतच नाही, तिचं सगळं वर आणि खाली. म्हणून हाका ठरल्या "वरून" आणि "खालून". थांबायला "बस". काम संपलं की "झालं". झिपरीला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. मी हाक मारली की ती माझ्या तोंडाकडे बघायची, कारण मी एका हाकेबरोबर दहा वाक्यं बोलायचे. वैशाली एकच शब्द बोलायची आणि गप्प व्हायची. थोड्याच दिवसांत झिपरी माझ्याकडे बघेनाशी झाली. मी बांधावर बसून करडं मोजणारी पाहुणी झाले.

चुका पुष्कळ झाल्या. एकदा तिने करडांऐवजी कोंबड्या गोळा केल्या आणि शौचालयात कोंडल्या. एकदा दोरी माझ्या पायात अडकून मी ओढ्याच्या काठावर सपशेल पडले आणि कोपर सोलून निघालं. संजय रोज पाळीवरून आल्यावर विचारायचा, "आज काय राखलं?" आणि वैशाली सांगायची, "राखत नाय ती. वळते." त्या दोन शब्दांवरून त्यांची रोज संध्याकाळी थट्टा चाले.

एका संध्याकाळी संजयने पोपटी लावली. त्यांच्या परसातल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा आणि मीठ, मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून वरून पेंढा पेटवायचा. पाल्याचा उग्र, गोडसर वास शेंगांत उतरतो. आमच्याकडे थंडीत हुरडा असतो. शेतात बसायचं, गरम दाणे हातावर चोळायचे, शेंगदाण्याची चटणी, दही. बसणं तेच, हसणं तेच, दाणा तेवढा वेगळा. वैशालीने एक वाटा केळीच्या पानात बांधून बाजूला ठेवला. "तात्यांना द्यायची रीत हाय दरसाल," ती म्हणाली. पण यंदा तो न्यायला कोणी उठलं नाही, वाटा तसाच राहिला. सकाळी तो कोणी उघडलाही नाही.

मग तो शनिवार आला. दुपार कलत होती. ओढ्यापलीकडच्या एका फार्महाऊसवर कुणाची तरी हळद होती आणि गाण्यांचा ठेका इकडे ऐकू येत होता. शेळ्या माळावर चरत होत्या, सरपंचासकट, कारण आदल्या दिवसापासून वैशालीने धीर करून सगळा कळप सोडला होता. झिपरीची दोरीही काढली होती. वैशाली वर झाडाखाली, मी खाली बांधावर. अचानक तिकडे फटाक्यांची माळ लागली, आणि त्या पाठोपाठ आकाशात उडणारे मोठे बार. शेळ्या एकदम उधळल्या आणि उतारावरून खाली सुटल्या. खाली तात्यांचा वाल होता, शेंगांनी भरलेला.

झिपरीही बारांना दचकली होती. क्षणभर ती जागच्या जागी फिरली. मग शेळ्यांमागे धावली, आणि तेच चुकलं. मागून कुत्री येतेय म्हटल्यावर शेळ्या दुप्पट वेगाने पळायला लागल्या. मी नुसती उभी होते.

वरून वैशालीचा आवाज आला. "खालून. झिपरे, खालून."

झिपरी पळता पळता वळली. मोठा वळसा घेऊन ती ओढ्याच्या अंगाने गेली, शेळ्यांच्या पुढे निघाली आणि बांधाला जिथे खिंडार होतं तिथे येऊन पोटावर बसली. पुढच्या शेळ्या थबकल्या. मागच्या त्यांच्यावर आदळल्या. धूळ उडाली. त्या धुळीतून सरपंच पुढे आला आणि त्याने मान खाली घातली.

झिपरी थरथरत होती, हे मला लांबूनही दिसत होतं. ती एक पाऊल मागे सरकली. मला वाटलं, आता पळणार. पण ती परत पुढे आली, जमिनीला घासत, इंच इंच. सरपंचाने धडक द्यायला उडी घेतली तशी ती बाजूला झाली आणि त्याच्या नाकाला एक निसटता चावा घेऊन पुन्हा समोर येऊन उभी राहिली. सरपंचाने शिंकल्यासारखा आवाज काढला, तिच्याकडे बघितलं, आणि वळला. तो वळला तशा बाकीच्याही वळल्या.

तोवर दोन शेळ्या दुसरीकडून वालात शिरल्या होत्या. आणि तिथूनच नामदेवतात्या काठी घेऊन येत होते. साठी उलटलेले, काटक, डोक्याला टॉवेल. त्यांनी सगळं पाहिलं होतं की फक्त शेळ्या पाहिल्या होत्या, कळेना. दोन्ही शेळ्या कान धरून त्यांनी खिंडारापाशी आणल्या. वैशाली धापा टाकत खाली पोचली होती. ती डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली.

"किती गेल्या आत?" तात्यांनी विचारलं.

"दोन, तात्या."

"मागल्या येळी समद्या हुत्या."

वैशालीने मान हलवली. तात्या झिपरीकडे बघत राहिले. ती जीभ बाहेर काढून पडली होती, नजर अजून शेळ्यांवरच.

"हिला पानी दे आदी," ते म्हणाले. "आनि ह्ये खिंडार तुझ्याच्यानं एकटीनं बुजनार नाय. संजयला उद्या सुट्टी हाय ना? पाटव त्याला. मी काट्या तोडून ठेवतो."

तात्या गेल्यावर वैशाली बांधावर मटकन बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. झिपरीने तेवढ्यात त्या दोन शेळ्या कळपात नेऊन सोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संजय आणि तात्या मिळून बांधावर काटेरी कुंपण घालत होते. दोघे फारसे बोलत नव्हते, पण तात्या "दोरी धर" म्हणत आणि संजय धरत असे. दुपारी भाकरी वैशालीने नेली. तात्यांनी खाल्ली.

परतताना

आता जायचं होतं. ज्यासाठी आले ते काम झालं होतं. झिपरीला घर मिळालं होतं, काम मिळालं होतं, आणि सोसायटीतही शांतता होणार होती. तरी "हिला ठेवा" हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडत नव्हते. सकाळी चहा पिताना संजयनेच विषय काढला.

"मावशी, हिला ठेवून जा. मी पयल्या दिवशी बोललो ते मागं घेतो."

मी हो म्हटलं. वैशालीने कप खाली ठेवला.

"मावशी, मी एक बोलू? पावसात हिला तुमी न्या." ती म्हणाली. "हितं पाऊस लागला की चार म्हैने शेळ्या शेडमधी. पाला कापून आनायचा आनि घालायचा. हिला काय काम? आनि ही केसाळ, चिखलात कुजून जाईल बिचारी. मेंढरावाले कसे पाऊस लागायच्या आत वर जातात, तशी ही पन जाईल. दिवाळी झाली की परत आना."

"म्हणजे आठ महिने नोकरी आणि चार महिने रजा," मी म्हटलं.

"आमच्या कंपनीत अशी रजा नाय," संजय म्हणाला.

केतकीला फोन लावला. योजना सांगितली. मग तिने विचारलं की उन्हाळ्यात हिचे केस कोण कापेल. वैशाली म्हणाली, "मी कापीन. ती धनगरीन बोललीच व्हती." मग केतकी हसली. मी आर्याच्या आईलाही फोन केला. पट्ट्याशिवाय खाली उतरवणार नाही, तोंडाला जाळी लावीन, आणि ही आता "बस" म्हटलं की बसते, असं सांगितलं. ती म्हणाली, "चार महिने ना काकू? आर्याला मी सांगते. तिला बसवून बघायला आवडेल कदाचित, लांबून." कदाचित, असंच म्हणाली. मला तेवढं पुरेसं होतं.

गाडी रस्त्यावर थांबली होती, घरापासून थोडी लांब. मी पिशवी घेऊन पाऊलवाटेने निघाले. झिपरी माझ्याभोवती एक फेरी मारून घराकडे गेली, वैशालीभोवती फिरली, परत माझ्याकडे आली. संजय वेगळ्या दिशेला, शेडकडे चालला होता, तर त्याच्याकडे धावली. आम्ही तिघं तीन ठिकाणी, हे तिला पटत नव्हतं. शेवटी ती माझ्या वाटेत आडवी येऊन पोटावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला पुढे पाऊल टाकता येईना. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. काय बोलले ते आता आठवत नाही, पुष्कळ बोलले असेन.

मागून वैशाली म्हणाली, "झिपरे, झालं. चल."

झिपरी उठली. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिच्याकडे गेली. मी गाडीत बसले.

रात्री जेवणाआधी सांगलीत पोचले. यांनी दार उघडलं, माझ्या हाताकडे पाहिलं, पट्टा दिसला नाही, आणि पानं वाढायला घेतली. जेवताना मी दिवाळी आणि पावसाळ्याची सगळी योजना सांगितली. "मग जूनमध्ये आणायला मीही येतो," ते म्हणाले. "गुडघा बरा असेल तोवर."

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने मुद्द्याचं विचारलं.

"आई, तू निघालीस तेव्हा झिपरी रडली का गं?"

"नाही," मी म्हटलं. "शेळ्या सोडायची वेळ झाली होती."